बोटं जेवतात, तळहात नाही

रेहाना,

तुझ्या धाकट्या भावाचा, अस्लमचा, फोन आला तेव्हा मी रिक्षात होते. थोड्या वेळापूर्वी त्यानंच मला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. "ताई, तुम्ही निघा आता. डॉक्टर म्हणतायत, जरा स्थिर आहे." हडपसरच्या पुलाखाली रिक्षा अडकली होती, पुढे बस, मागे बस. अस्लम म्हणाला, "ताई, रेहाना गेली."

मी विचारलं, "कुठे?"

खरंच विचारलं गं. मला वाटलं, तुला दुसऱ्या दवाखान्यात हलवलं असेल. मोठं मशीन असलेल्या. फोनमध्ये फक्त कुठल्या तरी बाईचं रडणं ऐकू येत होतं आणि इकडे हॉर्न. मग मला कळलं. कळलं असंही नाही, ऐकू आलं.

मी फोन मांडीवर ठेवला आणि हाताकडे बघत बसले. बोटांना अजून तुझ्या डब्यातल्या खट्ट्या डाळीचा वास येत होता. साबणानं हात धुतला होता, दवाखान्यातलं ते थंडगार सॅनिटायझर चोळलं होतं, तरी चिंच आणि लसूण जायला तयार नव्हते. दुपारी आपण समोरासमोर बसून जेवलो होतो. जिच्या घरची डाळ माझ्या बोटांवर अजून आहे ती बाई जाईल कशी? हा प्रश्न मला तेव्हा अगदी बिनतोड वाटला. रिक्षावाल्याला विचारावासा वाटला.

ऑफिसच्या ग्रुपवर तुझा फोटो आला. ओळखपत्रावरचा, तुला कधीच न आवडलेला. खाली हात जोडलेली चिन्हं. कुणीतरी तुझ्या कामाबद्दल चार ओळी लिहिल्या, कुणीतरी तुझं शिक्षण लिहिलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझं जेवण लिहायचं आहे. तू म्हणशील, "वा. आयुष्यभर कामात झिजले, आणि लिहायला सापडलं काय, तर माझं जेवण." म्हण. म्हण ना.

मी यवतमाळहून नुकतीच आले होते. आपल्या कॅन्टीनमध्ये सगळे इतकं इंग्रजी बोलायचे की मला जेवायचीसुद्धा भीती वाटायची. माझ्या टेबलावरची मुलं-मुली काट्या-चमच्यानं खात होती, म्हणून मीही एका हातात काटा आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन पोळीचा तुकडा पाडायचा प्रयत्न करत होते. पोळी ताटाबाहेर निघाली होती. तू शेजारच्या टेबलावरून ताट उचलून समोर येऊन बसलीस. ओळख नाही, पाळख नाही.

"पोळी आहे ती," तू म्हणालीस. "तिला ऑपरेशनची गरज नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी काटा-चमचा ठेवला आणि घरच्यासारखी जेवायला लागले. वरणभात पूर्ण पंजानं कालवला, भुरके मारले, मनगटावर आलेला ओघळ चाटला. वर बघते तर तू हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होतीस.

"नाव काय तुझं?"

"पल्लवी."

"पल्लवी, बोटं जेवतात. तळहात नाही."

मला राग आला होता, तुला माहीत आहे. चमच्यानं खाल्लं तरी चुकलं, हातानं खाल्लं तरी चुकलं. "आमच्याकडे असंच जेवून राहिले सगळे," मी म्हणाले. त्यावर तू, "जेवून राहिले की जेवून झाले?" पुण्याच्या माणसाचा असा मार असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो कसब्यात वाढलेल्या, घरी दखनी बोलणाऱ्या एका मुसलमान बाईकडून मिळेल असं तर नाहीच नाही.

पण दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासमोरच बसले. तुझा हात बघायला. तू भात बोटांच्या शेंड्यांनी एकत्र करायचीस, अंगठ्यानं अलगद आत सारायचीस, आणि डाळ कितीही पातळ असली तरी तुझं दुसरं पेर कोरडं राहायचं. डावा हात पाण्याला आणि वाढायला. उष्ट्या हाताला फोन नाही. तोंडात घास असताना कुणी काही विचारलं तर तू डोळ्यांनी "थांब" म्हणायचीस आणि समोरचा थांबायचा, मग तो कुणीही असो. दुसऱ्याच्या ताटात बघायचं नाही. जेवण संपलं की मात्र बोटं चाटायचीस, एकेक, शांतपणे, कुणाच्या तोंडाकडे न बघता. मी विचारलं तर म्हणालीस, "अब्बा म्हणायचे, बरकत कुठल्या शितात आहे ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून शेवटचंही सोडायचं नाही."

"आणि मी चाटलं ते?"

"तू मधेच चाटलंस. जेवण चालू असताना. आणि आवाज करून."

पहिल्या ईदला तू मला घरी बोलावलंस. कसब्यातल्या त्या बोळात रिक्षा शिरत नाही, तर तू कोपऱ्यावर उभी होतीस, नवीन ड्रेस, हातात कोथिंबिरीची जुडी. वर गेलो तर खाली चादर अंथरलेली आणि मधे एक मोठं परातीएवढं ताट. तुझ्या दोन मावश्या आणि तू त्याच्याभोवती. बाजूला एक वेगळं ताट, वेगळी वाटी, झाकून ठेवलेली. अम्मींनी माझ्यासाठी वेगळं शाकाहारी शिजवलं होतं. मी मटण खाते हे तू त्यांना सांगितलंच नव्हतंस.

तू म्हणालीस, "इकडे की तिकडे? कुठेही बस, कोणी काही म्हणणार नाही."

आमच्या घरी आई दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा पिऊ द्यायची नाही. उष्टं म्हणजे उष्टं. मी क्षणभर उभी राहिले आणि मग तुमच्या ताटाशी बसले. त्या दिवशी मला तुझे सगळे नियम एकदम कळले. एका ताटात चौघी जेवतात तेव्हा आपल्या समोरचंच खायचं असतं. तळहात भरवायचा नसतो. मधेच बोट चाटून तेच बोट भातात घालायचं नसतं. चांगला तुकडा आपल्याकडे आला तर तो हळूच शेजारणीकडे सरकवायचा असतो, आणि तिनं तो परत आपल्याकडे सरकवला तर हसायचं नसतं. तुझ्या मावशीनं नळी माझ्याकडे सरकवली. मी ती चोखली. आवाज झाला. तू छताकडे बघितलंस.

आता मोठ्या हॉटेलातल्या त्या जेवणाबद्दल.

परदेशातून कंपनीचे पाहुणे आले होते आणि निनाद सरांनी आपल्या टीमला त्यांच्याबरोबर जेवायला नेलं होतं. आदल्या दिवशी त्यांचा मेसेज आला: कपडे फॉर्मल, आणि सर्वांनी कटलरी वापरावी. तू तो मोठ्यानं वाचलास आणि फोन पालथा ठेवलास. मला वाटलं, तू ऐकशील. तुझ्यासमोर आख्खं तळलेलं पापलेट आलं. तू बाही थोडी वर केलीस, "एक्स्क्यूज मी" म्हणालीस आणि हातानं खायला लागलीस. जशी रोज खातेस तशी. मी काट्यानं पनीर टोचत होते आणि तुझ्याकडे बघत होते. पाहुण्यांपैकी एकानंही तुझ्याकडे पाहिलं नाही. ते आपसात विमानाच्या वेळांबद्दल बोलत होते. पाहिलं ते आपल्या लोकांनीच. शेवटी तू बोटं चाटलीस, आणि निनाद सरांचं तोंड असं झालं जसं काही तू टेबलावर चढलीस.

बाहेर आल्यावर ते तुला म्हणाले, "रेहाना, काटे होते ना टेबलवर?"

"टेबलावरही होते आणि पापलेटातही होते," तू म्हणालीस. "काट्यानं काटा काढायचा हे म्हणीत ठीक आहे सर. घशात जमत नाही."

सगळे हसले. सरही हसले. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. पुढच्या कामासाठी जी टीम पाहुण्यांबरोबर बसणार होती, बाहेरदेशी जाणार होती, तिच्यात तुझं नाव नव्हतं. ते काम तुझं होतं. मांडणी तुझी, रात्रंदिवस डोकं तुझं. तू सरांच्या केबिनमध्ये गेलीस आणि पाच मिनिटांत परत आलीस.

"मी विचारलं, माझ्या कामात काही कमी आहे का? नाही म्हणाले. मग विचारलं, कशात कमी आहे? तर म्हणे, ओव्हरऑल प्रेझेंटेशन."

"म्हणजे?"

तू उजवा हात वर करून पाच बोटं हलवलीस. "हे."

मी तेव्हा एक विचारलं होतं. "रेहाना, तुला वाटतं का, की तुझ्या नावामुळे..." तू डब्याचं झाकण लावत होतीस. हात थांबला, झाकण लागलं. "वांग्याची भाजी छान झाली होती तुझी," तू म्हणालीस. पुन्हा तो विषय मी काढला नाही आणि तूही नाही. तू रात्री घरी जाऊन त्यावर काय विचार करायचीस, कुणाशी बोलायचीस, की बोलायचीच नाहीस? इतकी वर्षं समोर बसून जेवलो आणि हे मला माहीत नाही.

मी चिडायचे ती तुझ्यावरच. एक जेवण चमच्यानं खाल्लं असतंस तर काय बिघडलं असतं? एवढा कसला हट्ट? तू म्हणायचीस, "हट्ट कसला? मला भूक लागली होती." मी म्हणायचे, हे उत्तर नाही. तू म्हणायचीस, हेच उत्तर आहे.

आणि मग ती दुपार. काहीच वेगळं नव्हतं तिच्यात. तू डाळ आणली होतीस, मी ज्वारीची भाकरी. जेवता जेवता माझा फोन वाजला आणि मी उष्ट्या हाताची करंगळी पुढे केली.

"अंहं," तू म्हणालीस.

मी वैतागले. म्हणाले, "मला एक सांग. तू मला टोकतेस, सर तुला टोकतात. तू म्हणतेस माझं चुकतं, ते म्हणतात तुझं चुकतं. मग तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

तू हसली नाहीस. टोमणाही मारला नाहीस. हातातला घास परत ताटात ठेवलास, आणि मला वाटलं, हा प्रश्न तुला कुठेतरी नीट लागलाय.

"फरक आहे," तू म्हणालीस. "पण जेवताना भांडायचं नाही. चहाला सांगते."

चहाच्या आधीच तुझ्या जागेभोवती गर्दी दिसली. तू खुर्चीवरून घसरून खाली बसली होतीस, पाठ टेबलाच्या पायाला टेकलेली, आणि डोक्याला हात लावून म्हणत होतीस, "काही नाही, काही नाही." तुझी ओढणी कुणीतरी नीट केली. ॲम्ब्युलन्समध्ये मी तुझा उजवा हात धरला होता. आधी तू बोटं दाबलीस. मगरपट्ट्याच्या पुढे दाबली नाहीस. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. म्हणाले, असं कुणालाही होऊ शकतं. हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तुला नेणार होते. त्याआधी बायकांना दर्शन होतं. तुझा चेहरा उघडा होता, बाकी सगळं पांढरं, बांधलेलं. माझी नजर तुझे हात शोधत होती. ते आत होते. मी कुणाला तरी विचारणार होते, जरा दाखवता का? असं विचारायचं नसतं, एवढं कळण्याइतकी शुद्ध तेव्हा होती. मग पुरुष तुला घेऊन बोळातून निघून गेले. त्या बोळात दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, तिथून तुला खांद्यावर कसं नेलं, मी वरून बघत होते आणि तरीही मला सांगता येणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं आहे. ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

तुमच्या घरी चूल पेटली नव्हती. शेजारच्यांकडून, मावश्यांकडून भांडी भरभरून जेवण येत होतं. अम्मी काही खात नव्हत्या. पाणी प्यायच्या, तेही अस्लमनं ग्लास ओठांना लावला तर. मावशीनं हात जोडले, मी घास करून पुढे केला. त्यांनी माझं मनगट हळूच बाजूला केलं. "बेटा, उतरत नाही गं," म्हणाल्या. शेजारी राहणारे डॉक्टर येऊन गेले. अस्लम जिन्यात जाऊन रडत होता, की आता हिलाही घेऊन जायचं का दवाखान्यात.

दुपारी जिन्यावर बूट वाजले. निनाद सर आले. एकटेच. पांढरा शर्ट, हातात फुलं, आणि ती कुठे ठेवायची हे माहीत नाही. मला बघून त्यांनी मान खाली घातली. ते अम्मींसमोर चादरीवर बसले, मांडी घालता येईना म्हणून पाय एका बाजूला घेऊन, आणि म्हणाले, "फार हुशार होती. आमच्या ऑफिसची..."

माझ्या अंगाची आग झाली, रेहाना. मी तिथेच सगळं सांगणार होते. हेच ते. यांनीच तुमच्या मुलीला तिच्या स्वतःच्या कामावरून बाजूला केलं, आणि का, तर ती पापलेट हातानं खाते. पण अम्मींना तू यातलं काही सांगितलं नव्हतंस. त्यांच्यासाठी ते फक्त रेहानाच्या ऑफिसातले मोठे साहेब होते, आणि लांबून आले होते.

"जेवून जा," अम्मी म्हणाल्या. दोन दिवसांत त्या पहिल्यांदा कुणाशी आपणहून बोलल्या.

"नाही, नको, प्लीज, मी फक्त..."

"रेहानाच्या घरून उपाशी जाणार तुम्ही?"

ताट आलं. खिचडा होता, गहू, तांदूळ, डाळी आणि मटण एकत्र शिजवलेला, आणि वरून तळलेला कांदा. सरांनी ताटाकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं, मग आजूबाजूला. ते काय शोधतायत हे मला कळलं आणि मी मुद्दाम काही बोलले नाही. अम्मींनाही कळलं. त्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली. "अस्लम, साहेबांना चमचा दे. मोठा दे, खोलगट." अस्लमनं चमचा धुतला, पुसला, आणून ताटाच्या उजव्या बाजूला ठेवला.

सर जेवायला लागले. चमच्याचा आवाज घरभर ऐकू येत होता. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते. ते दोन घास खाऊन थांबले, कारण त्या खोलीत ते एकटेच जेवत होते आणि बाकी आम्ही सगळ्या नुसत्या बसलो होतो. त्यांनी चमचा ताटात टेकवला.

अम्मी म्हणाल्या, "थांबू नका."

मग त्या मावशीला म्हणाल्या, "माझंही वाढ. पाहुण्याला एकट्यानं जेवू द्यायचं नसतं."

मावशी लगेच उठली. मी भांड्याचं झाकण काढून दिलं. अम्मींच्या समोर ताट आलं. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, धुतले, बिस्मिल्ला म्हणाल्या, आणि तीन बोटांत मावेल एवढा घास घेतला. तो तोंडापर्यंत न्यायला त्यांना फार वेळ लागला. जिन्याच्या दारात अस्लम उभा होता. सर खाली बघून एकेक शीत चमच्यात गोळा करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांना काही माहीत नव्हतं. आपल्यासमोर काय चाललंय, आपल्यामुळे काय झालंय, काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. तू केलं असतंस का, तेही मला सांगता येणार नाही. तू काहीतरी तिरकस बोलली असतीस, आणि ते काय असतं याचा मी गेले काही दिवस विचार करतेय, सुचत नाही. तुझी वाक्यं मला कधीच सुचली नाहीत. तू चहाला जे सांगणार होतीस तेही मी आता स्वतःशी जुळवून बघते, आणि जे जुळतं ते माझं असतं, तुझं नसतं.

पण एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. सरांचं ताट संपेपर्यंत अम्मी थांबल्या नाहीत. ते हळू खात होते म्हणून त्याही हळू खात राहिल्या. सरांनी चमचा ठेवला, आणि मगच अम्मींनी हात आवरला.

रेहाना, त्या जेवल्या.